घरचं विरजण

किनाऱ्यावर सीगल उतरले होते. थंडीपुरते येतात आणि ऊन तापू लागलं की आपल्या मुलखात परततात. आम्हीही तसेच, असं मी धरून चालले होते. निवृत्तीनंतर यांनी गाडीतच छोटंसं घर थाटलं आणि हिवाळा कोकणात काढायचं ठरलं. घरचं विरजण मी बरोबर घेतलं. रोज चमचाभर दही मागे ठेवून पुढचं लावायचं, म्हणजे होळीला तेच विरजण घरी परतेल.

आज सकाळी फिरायला आलो. मी पाय भिजवून परतले तेव्हा हे पाठमोरे बसून शेजारच्या गृहस्थांना सांगत होते, "आता कुठलं परत? घर विकायचं पक्कं केलंय. बायकोला सांगेन सवडीनं."

परतायला घर असतं म्हणून भटकण्यात मजा असते. नाहीतर ते नुसतं उघड्यावर पडणं.

दुपारी गाडीत जेवायला बसलो, तेव्हा मी सगळं दही यांच्या ताटात वाढलं, तळाचा चमचासुद्धा खरवडून.

"आज दही झकास लागलंय गं," हे म्हणाले. "अजून आहे?"

"नाही. आता उद्याही नाही."