'इन्ट्रूड'चा वाक्यात उपयोग

जगात दारं असतात, ही गोष्ट आमच्या इंग्रजीच्या बाईंना कोणी कधी सांगितलीच नसावी. सांगितली असली, तरी दार ढकलण्यासाठी असतं एवढाच बोध त्यांनी घेतला असणार. कर्जतच्या शाळेत त्यांनी आम्हाला इंग्रजी शिकवलं. "अर्थ डिक्शनरीत सापडतो, उपयोग अंगावर घ्यावा लागतो," असं म्हणायच्या आणि खरंच घ्यायला लावायच्या. धड्यात 'इन्ट्रूड', म्हणजे न बोलावता घुसणं, हा शब्द आला, त्या दिवशी आमची अख्ख्या वर्गाची वरात त्यांनी शाळेमागच्या वालाच्या शेतात घुसवली. शेताचा मालक काठी घेऊन धावत आला. "ओ बाई, वाल तुडवताय, दिसत नाय का? आमी कवा तुमच्या वर्गात नांगर घातला?" बाईंचा चेहरा उजळला. "ऐकलंत? याहून चांगलं वाक्य मला सुचलं नसतं!" मग त्यांनी त्या म्हाताऱ्याची हात जोडून माफी मागितली आणि दुसऱ्या दिवशी त्याला वर्गात बोलावलं. तोही आला, आणि तासभर पहिल्या बाकावर टोपी सावरत बसला.

हा शब्द त्यांनी आम्हाला शिकवला, स्वतःला मात्र कधी लावला नाही. लग्न केलेलं नव्हतं, त्यामुळे सगळ्या विद्यार्थ्यांचे संसार आपलेच, असा त्यांचा हिशेब. कळवून येणं ठाऊक नाही. आल्या की तडक स्वयंपाकघरात, झाकणं उघडून भाजीला नावं ठेवायच्या, आणि कोणी विचारायच्या आत आधण चढवून घरादाराला चहा पाजायच्या. माझ्या बहिणीला बघायला पाहुणे आले होते, तेव्हाही मधेच उगवल्या आणि मुलाचा इंग्रजी बायोडेटा लाल पेनानं तपासून "मुलगा बरा आहे, काळ कच्चे आहेत" असा शेरा देऊन मोकळ्या झाल्या. माझ्या सासूबाई तर त्यांचा आवाज आला की कपाळाला हात लावत. पण माझ्या बाळंतपणात आई अंथरुणाला खिळली होती, तेव्हा न बोलावता पिशवी घेऊन आल्या, त्या सव्वा महिना राहिल्या. माझ्या लेकीला पहिली आंघोळ त्यांनी घातली.

पुढे आम्ही नेरळला नव्या सोसायटीत राहायला गेलो. तिथं माणूस आधी फाटकावर थांबतो, मग आपल्या मोबाईलवर त्याचा फोटो येतो आणि आत सोडायचं की नाही ते आपण बोटानं ठरवायचं. एका दुपारी बाईंचा फोटो आला. कॅमेऱ्याकडे डोळे बारीक करून बघत होत्या. माझी घरूनच ऑफिसची मीटिंग चालू होती. बाई आल्या की दोन तास गेले, हे ठाऊक होतं. मी 'नको' दाबलं. चुकून नाही, नीट बघून दाबलं. रविवारी आपणच जाऊ, असं मनाशी म्हटलं. संध्याकाळी वॉचमन म्हणाला, "त्या आजी लय वेळ बसल्या होत्या वो. हातात मोठं पाकीट होतं, दवाखान्याचं."

रविवारची वाट न बघता दुसऱ्याच दिवशी कर्जत गाठलं. बाईंनी दार उघडलं, पंख्याचा वेग वाढवला, मला खुर्ची दिली. रिपोर्टचं मीच विचारलं. "पोटात गाठ आहे. पुढच्या आठवड्यात ऑपरेशन," त्या म्हणाल्या, वेळापत्रक सांगावं तसं. मी माफी मागितली. "अगं, कामात असतेस तू. मीच कळवायला हवं होतं," म्हणाल्या. त्यात टोमणा नव्हता. असता तर बरं झालं असतं. मग त्यांनी मला विचारलं, "चहा घेणार का?"

इतक्या वर्षांत बाईंनी हे कधी कोणाला विचारलं नव्हतं. उठून आत जावं, भांडं शोधावं, आधण ठेवावं, असं फार वाटलं. पण न विचारता आत जायला धजले नाही. "नको बाई, तुम्ही बसा," मी म्हणाले. आणि त्या खरंच बसून राहिल्या.