सुपडूच्या डब्यातलं जेवण

सुरतेच्या गाडीतून सुपडूचे मामा एकटेच उतरले. नंदुरबारच्या फलाटावर मी दोघांसाठी टांगा ठरवून उभा होतो. मामांनी गाठोडं खाली ठेवलं आणि तापीकाठीच सगळं उरकून आल्याचं सांगितलं. माझ्याच शाळेत शास्त्र शिकवणारा, माझ्याच खोलीत राहणारा, तिशीही न गाठलेला सुपडू इन्शुलिन शोधायला सुरतेला गेला होता आणि ते मिळायच्या आधीच संपला. टांगेवाला विचारत होता, दुसरी सवारी कुठे आहे म्हणून. 

रनाळ्याचा हा पाटलाचा पोरगा. आधीची भावंडं जगली नाहीत, म्हणून जन्मल्याबरोबर सुपात घालून दृष्ट चुकवलेला आणि त्यावरूनच नाव पडलेला. शाळेचा बाक एकटा उचलून या वर्गातून त्या वर्गात नेणारा गडी. त्याला एकाएकी तहान लागू लागली. खोलीतला माठ संध्याकाळपर्यंत रिकामा व्हायचा आणि मी चिडायचो. जेवायचा तर दोघांचं, आणि तरीही सदरा खांद्यावरून घसरू लागला. डॉक्टरांनी मधुमेह सांगितला. त्याने मात्र त्याचाही धडा केला. मुलांना म्हणाला, शरीरात दोन गवंडी असतात. एक पाडतो, दुसरा बांधतो. पाडलेल्यातून जे निघतं त्यावरच दुसऱ्याचं काम चालतं, म्हणून एकावाचून दुसरा नाही. किती पाडायचं आणि किती बांधायचं, हे सांगायला वर एक मुकादम असतो. ‘आमचा मुकादम पळाला, आता नुसती पाडापाडी चालली आहे,’ असं म्हणून स्वतःच हसला. मुलंही हसली. मला काही हसू आलं नाही.

तो मुकादम मुंबईहून बाटलीत यायचा. बाटली आम्ही ओल्या फडक्यात गुंडाळून माठाच्या पोटाशी ठेवायचो. रोज सुई उकळायची आणि डॉक्टरांनी दाखवलं तशी टोचायची. पंधरवड्यात त्याचे गाल भरले. तेच अन्न, तेच पोट. पण आता खाल्लेलं अंगी लागत होतं. दीड-दोन वर्षं अशी बरी गेली, आणि मग लढाईने विलायतेहून माल आणणाऱ्या बोटी अडवल्या. बाटल्या येईनाशा झाल्या. मुंबईच्या दुकानदाराचं उत्तर ठरलेलं, माल नाही. डॉक्टर भले होते, त्यांच्याही हातात काही उरलं नव्हतं. म्हणाले, आता एकच करता येईल, खाणं तोडायचं. ताक, पालेभाजी, बस. मुकादमाशिवाय पोटात धान्य घालणं म्हणजे विष घालणं. उपाशी ठेवून थोडे दिवस पदरात पडले तर पडले. खायला घातलं तरी माणूस जातो, नाही घातलं तरी जातो, असं दुखणं मी दुसरं पाहिलं नाही.

पण हे त्याच्या मायला कोण सांगणार? रनाळ्याहून येणाऱ्या गाडीवानाबरोबर तिचा डबा यायचाच. दुधात भिजवलेल्या दशम्या, वर लोण्याचा गोळा, कधी तिळाचे लाडू. पोरगा वाळतोय म्हणताना तिने तूप वाढवलं. एकदा स्वतः आली, त्याच्या मनगटाभोवती बोटं धरून बसली आणि पोरगा खातो ते जातं कुठे, असं मला विचारू लागली, “इतलं खास, तरी आंगले का लागत नही? मन्हा हातमा काय खोट शे का?” ती गेल्यावर सुपडूने डबा माझ्याकडे सरकवला.

“मायले सांगू नको. तू खाई टाक. डबा रिकामाच जावाले पाहिजे.”

मग तो भिंतीकडे तोंड करून पडायचा आणि मी जेवायचो. वासही त्याला सोसवत नसे, म्हणून दाराबाहेर पायरीवर बसून जेवायचो. त्या जेवणाला चव होती, हे लिहिताना मला राग येतो. त्याच्या बरगड्या मोजता येऊ लागल्या आणि माझी बंडी दंडात घट्ट होऊ लागली. तो म्हणायचा, बघ, बांधकाम तुझ्याकडे, पाडकाम माझ्याकडे, एकाच डब्यावर. मी त्याला गप्प बसवायचो. त्याची थट्टा शेवटपर्यंत सुटली नाही, फक्त आवाज बारीक होत गेला.

सुपडूचं दहावं-तेरावं उरकल्यावर मी रनाळ्याला गेलो. माय चुलीपाशी बसली होती. तिने काही न विचारता माझ्यापुढे ताट ठेवलं, दशमी वाढली आणि बोलू लागली. म्हणजे स्वतःशीच. आपल्या हातालाच काहीतरी झालं असणार, बाहेरून आलेली सून असती तर तिच्या हातचं लागलं असतं, आपण इतकं खाऊ घातलं ते सगळं मातीत गेलं. ऐकवेना. गप्प राहावं तर ती हे जन्मभर उगाळत बसणार, आणि सांगावं तर तिला कळणार की पोरगा पोटाला चिमटा घेऊन गेला. मी सांगितलं. डॉक्टरांचं सांगितलं, डब्याचं सांगितलं, मीच खात होतो म्हणून सांगितलं.

ती उठून जवळ आली. माझा दंड हातात घेऊन तिने नीट दाबून पाहिला, बैल घेताना पाहतात तसा.

“म्हनजे मन्हा हातनं जेवन लागस,” ती म्हणाली.

क्षणभर तिचा चेहरा खरोखर सैल झाला. हात मात्र तिने काढला नाही.

“मंग तो भूक्याच गया.”

 तिने माझ्या ताटात आणखी एक दशमी वाढली. मला नको म्हणता आलं नाही.