आधी माय पाहा

मुलीची हनुवटी दोन बोटांत धरायची, तोंड दाराकडे वळवायचं आणि म्हणायचं, "उजेडात ये वो बाई." एवढं झालं की मुलीच्या आईचं काळीज लटपटायचं. पुढचं वाक्य ठरलेलं. "पोर मागून. आधी माय पाहा."

अशी एक बाई तुमच्याही गावात असेल. आमच्या बेल्यातली आमच्या दारासमोरच राहायची. राज्य निजामाचं, पण सोयरिकीत हुकूम हिचा. मुलगी पाहायला जाताना मुलाकडचे हिला मानानं गाडीत बसवून न्यायचे. तिरळेपणा, रातांधळेपणा, काही म्हणजे काही तिच्या नजरेतून सुटत नसे. मायचा डोळा अधू, तर लेकीचाही आज ना उद्या जाणार, हा तिचा कायदा. नवरा नव्हता, एकच मुलगी, आणि जीभ कात्रीसारखी.

तिनं घरी बसवलेल्यांत एक मी. माझ्या उजव्या डोळ्यात कणीएवढं फूल आहे. पाहुण्यांना ते दिसलंही नव्हतं. हिनं आमच्याच पुरणपोळीचा घास तोंडात असताना दाखवून दिलं. वर आईला म्हणते, "तूप चांगलं हाये तुमचं." मेली!

पुढे तिच्या गोदाचं ठरलं. मुलगा तहसिलीत अहलकार, म्हणजे कारकून. लग्न तोंडावर आलं आणि एका संध्याकाळी दिवा लावून ती थबकली. "काऊन वो, दिव्याले रंगीत कडं काऊन दिसून राह्यलं?" थोड्याच वेळात डावी भुवई दाबून खाली बसली, भडाभडा ओकली. डोळा लालभडक, आणि त्या डोळ्यासमोर नुसता धूर. पेनगंगेपल्याड, इंग्रजी मुलखात, डोळ्यांचे डॉक्टर होते. माझ्या दादानं बैल सोडून आणले.

"बांध ते बैल!" ती ओरडली. "गाडी निघाली की गाव पाह्यते. माय काणी निघाली तर पोरीले कोन करन? अर्धशिशी हाये म्हना."

कपाळाला सुंठ फासून आणि डावीकडून पदर ओढून ती लग्नभर हिंडली. विहीणही काही कमी नव्हती. "तुमी साऱ्यांच्या लेकी पाह्यता, आज तुमाले पाह्यतो," म्हणत तिनं थट्टेनं सुईदोरा पुढे केला. हिनं दोऱ्याचं टोक ओलं केलं आणि एका डोळ्यानं पहिल्याच फटक्यात ओवला. सारा मांडव हसला. तिनं दातांखाली ओठ इतका दाबला होता की रक्त आलं होतं. ते मी शेजारी उभी म्हणून मला दिसलं.

गोदा सासरी गेल्यावर मीच तिला डॉक्टरांकडे नेलं. दुसरं होतं कोण तिला? डॉक्टरांनी पापणीवरून बोटानं डोळा दाबून पाहिला. तो दगडासारखा घट्ट झाला होता.

"हे डोकं नव्हतं बाई, डोळा होता," ते म्हणाले. "दिव्याभोवती कडं, ठणका, ओकारी, अंधुक दिसणं, असं एकाएकी झालं की त्याच दिवशी यायचं. थेंब घालून, छेद देऊन डोळा वाचला असता. आता दुसऱ्याला तरी छेद देऊन घ्या. आणि मुलीलाही दाखवा, हे घराण्यात उतरतं."

म्हणजे तिचा कायदा तिच्याच घरी खरा निघाला. मला बरं वाटलं. खोटं कशाला बोलू?

ती उठलीच. "पट्टी बांधून जावयापुढं कशी उभी राहू?" परतताना करोडगिरीच्या, म्हणजे जकातीच्या, नाक्यावर शिपायानं गाडीत काय माल आहे म्हणून विचारलं. "काई नाई बापा," ती म्हणाली. मग गाडी नाक्यावरून सुटली तसा माझा हात दाबला. "दाक्तरचं बोलनं इथंच सोड. गोदाले तर सांगूच नोको."

हिवाळ्यात दुसरा डोळाही तसाच गेला. व्याह्यांना तिनं कळवलं, म्हातारपणाचा मोतीबिंदू. आता तिला गाडीत कोण बसवणार? उंबऱ्यावर बसून येणाऱ्याजाणाऱ्या पोरींच्या हनुवट्या चाचपायची, पोरी किंचाळत पळायच्या. मी रोज भाकरी देऊन यायची. जीव तुटायचा हो तिच्यासाठी. भाकरीला तूप मात्र लावत नव्हते.

काही वर्षांनी दिवाळीला गोदा आली, जावयासोबत. डावीकडून पदर ओढलेला. तो पाहून मी तिच्या मागोमाग घरात शिरले.

म्हातारीनं लेकीची हनुवटी धरली, तोंड दाराकडे वळवलं. "उजेडात ये. डोळे?"

"बरे हायेत, माय."

"तू पाह्य वो," ती मला म्हणाली.

मी पदर सारला. डावं बुबुळ धुरकट, मेलेलं. गोदा मान हलवत होती, नको, नको.

"डावा गेला, काकू," मी म्हणाले. "उजवा हाये अजून. डॉक्टर काय म्हनले होते, विसरल्या काय? आत्ता गाडी जुंपायले सांगतो."

"कवा गेला?"

"पोळ्याच्या वक्ती," गोदा म्हणाली. "दिव्याले कडं दिसलं. तूच सांगतलं होतं ना माय, डोकं दुखलं तर सुंठ लाव, सासरी कोनाले सांगू नोको."

मला वाटलं, आता ऊर बडवून घेईल. बाहेर जावयाच्या चपला वाजल्या. तिचा हात हनुवटीवरून वर सरकला, चाचपत गेला, पदराचा काठ सापडला. तो तिनं बोटभर आणखी पुढे ओढला.

"असा घेत जाय," ती म्हणाली. "जावई आले वाटते."