शहाडच्या नळावरचा वीर

पुरातत्त्ववाल्यांना खापरं कमी सापडतात, किस्से जास्त. आमच्या मुग्धाताई दर रविवारी ठाण्या-कल्याणात फिरून लोकांना जुने दगड, जुनी भांडी समजावून सांगतात. मी प्रोजेक्टर उचलतो आणि शक्यतो हसत नाही.

*

डोंबिवलीच्या एका सोसायटीत ताई तासभर जुन्या देवळांवर बोलल्या. "काही प्रश्न?"

एक काका उठले. "मॅडम, आमच्या बिल्डिंगखाली असं काही निघालं, तर रिडेव्हलपमेंटमध्ये एरिया वाढवून मिळेल का?"

मी म्हटलं, "मूर्ती निघाली तर बाल्कनी मिळते."

काकांनी सेक्रेटरीकडे बघून मान डोलावली!

*

कळव्याच्या शाळेत पोरांसाठी खोटं उत्खनन ठेवलेलं. ताईंनी खड्ड्यात मडक्याचे तुकडे पुरले. मी गुपचूप टीव्हीचा रिमोट आणि एक चप्पल टाकली.

ताईंचा नियम एकच: "नुसती वस्तू बघू नका, शेजारी काय आहे ते बघा!"

पोरांनी ब्रशने माती काढली, चर्चा केली आणि सांगितलं, "मॅडम, रिमोटच्या बाजूला एकच चप्पल. म्हणजे परीक्षेच्या टायमाला इथे कुणाची तरी आई आलेली!"

ताईंनी माझ्याकडे बघितलं आणि पोरांना फुल मार्क दिले.

*

शहाडला एका चाळीच्या नळावर कपडे धुवायचा दगड होता. ताईंनी तो पाणी मारून पुसला, तर एकावर एक कोरलेली चित्रं. वीरगळ! लढाईत मेलेल्या माणसाची आठवण. शेजारून नवीन गटार जाणार होतं आणि दगड फुटणार होता.

"खालून वर वाचायचं," ताई म्हणाल्या. "खाली गाई वाचवताना मेला, मध्ये अप्सरा नेतायत, वर स्वर्ग."

कपडे धुणाऱ्या शेवंताकाकूंचा हात थांबला. "अगं बाई! म्हणजे मी इतकी वर्षं स्वर्गावर चादरी आपटतेय?"

मी सुचवलं, "ताई, कुंकू लावू. कुणी हात नाही लावणार."

"अजिबात नाही! आज कुंकू, उद्या ऑइलपेंट, परवा कोरीवकाम गायब. अरे, लोकांना सांगायचं. समजलं की जपतात."

मला काही पटलं नाही.

*

ब्रेकर मशीन आल्याचं कळलं तसे आम्ही धावत गेलो. काकू दगडासमोर उभ्या. हातात कपडे धुवायचं धोपटणं, समोर कॉन्ट्रॅक्टर आणि चार कामगार, आणि काकूंचं लेक्चर अप्सरांपर्यंत आलेलं!

गटार वळलं.

मग पालिकेचे साहेब चेकिंगला आले. "अरे, लाइन इथे वाकडी का?"

कॉन्ट्रॅक्टर म्हणाला, "साहेब, इथे माणूस मेलाय."

साहेब पांढरे पडले. "पोलीस केस झाली?"

काकूंनी पदराला हात पुसले. "कोरून ठेवलीय की! या, बसा. खालून वर वाचा."