दुसरी डिग्री कुठे ठेवली?

मंडळी, आज दुपारी निकाल लागला आणि मी फर्स्ट क्लासमध्ये बी.ए. झाले! लग्नाआधीचं बी.कॉम. होतंच, म्हणजे आता डबल ग्रॅज्युएट.

मानसशास्त्र शिकायचं म्हटलं तर सगळे म्हणाले, पहिल्या वर्षापासून सुरुवात कर. का म्हणून? भाषा, पर्यावरण हे विषय मी एकदा पास झालेय ना! चकरा मारल्या, भांडले, बी.कॉम.चे क्रेडिट्स ट्रान्सफर करून घेतले आणि थेट दुसऱ्या वर्षाला बसले.

तेव्हा नणंद हसली होती, "वहिनी, एक डिग्री कपाटात पडलीय, दुसरी कुठे ठेवणार?"

आज संध्याकाळी पिंप्राळ्यात घरी पोहोचले तर फाटकापाशी पेंटर बसलेला. आमच्या नावाच्या पाटीवर आजवर फक्त सासऱ्यांचं आणि नवऱ्याचं नाव होतं. सासरे, म्हणजे आमचे आबा, पेंटरला अहिराणीत सांगत होते, "सुनबाईनं नाव वर लिख, दोन्ही डिग्र्या लिख. जागा कमी पडी तर मन्हं नाव बारीक कर. बठ्ठासले दिसाले पाहिजे!" सगळ्यांना दिसायला हवं म्हणे!

मी तिथेच रडले. मग ओल्या रंगाचा फोटो काढून आधी नणंदेला पाठवला.

तुमच्या घरच्या पाटीवर सुनेचं नाव आहे का हो?