शेजाऱ्याची पुडकी

अमेरिकेत, आयडाहोतल्या माझ्या शेजारच्या आजोबांचं कुठलंही बोलणं लांडग्यांपाशी संपे. "लांडगे आले, एल्क हरणं वर डोंगरात पळाली. आता शिकार कुठली!" त्याआधी तीन वर्षं ते दर शिकारीच्या हंगामात मला मांसाचं पुडकं आणून देत. मी शाकाहारी, पण पहिल्याच खेपेला भिडेखातर "फर्स्ट क्लास होतं!" म्हणून बसलो होतो.

यंदा ते रिकाम्या हाताने आले, तेव्हा मी मनात लांडग्यांचे आभार मानले. नेमका त्याच आठवड्यात माझा फ्रीझर घरघरू लागला आणि दुरुस्तीला आजोबाच धावून आले. दार उघडलं, तर तिन्ही वर्षांची पुडकी जशीच्या तशी!

आजोबांनी टोपी मागे सारली, तिन्ही पुडकी काखेत मारली.

"बरं झालं, लांडग्यांना तुझा फ्रीझर सापडला नाही. पुढच्या वर्षी बटाटे आणीन."