काठ घासलेलं तपेलं

आमच्या ह्यांना स्वयंपाकघरात साधा चहा कधी जमला नाही, पण तिथल्या एकेका भांड्याचा सूर पाठ होता. रेवसजवळच्या आमच्या गावात हे शाळामास्तर होते. घरात चांगली पेटी होती, पण तिच्यातून तेच ते सूर निघतात अशी ह्यांची तक्रार. ह्यांना नवं संगीत काढायचं होतं, आणि ते माझ्या भांड्यांतून.

शाळा सुटली की ओटीवर परात, तांब्या, वाट्या ओळीनं मांडायच्या. किसणीवर चमचा ओढायचा. स्टोव्हला पंप मारून त्याची घरघर तंबोऱ्यासारखी चालू ठेवायची, म्हणजे रॉकेलही गेलं. मी कालवणाला वाटी शोधत फिरायची आणि ती बाहेर मध्यम होऊन बसलेली असायची. नुसता वैताग. बोलायला जावं तर हे डोळे मिटून हातानंच थांब म्हणत.

एका दुपारी मी विहिरीवरून आले, तर हे कानस घेऊन माझ्या आईनं लग्नात दिलेल्या पितळेच्या तपेल्याचा काठ घासत बसले होते. सूर जरा उतरलेला होता म्हणे. काठालगत आईचं नाव ठोकून घातलेलं होतं, त्यातली दोनच अक्षरं उरली होती. माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माहेरचं म्हणून माझ्यापाशी तेवढंच होतं.

आठ दिवसांनी आई माणगावहून आली. तिला काय सांगावं ते कळेना. नावाची बाजू भिंतीकडे करून तपेलं फळीवर ठेवलं. आईला अक्षरओळख नाही, हे त्या घाईत मला सुचलंच नाही. भात टाकायला म्हणून तिनं तपेलं उचललं, सवयीनं त्याला टिचकी मारली आणि परत ठेवलं.

"हे माझं न्हाय," ती म्हणाली. "माझं कुनाला दिलंस?"

तुझंच आहे म्हणून मी तिला उरलेली दोन अक्षरं दाखवली. तिनं पुन्हा टिचकी मारली आणि मान हलवली. हे दारातच उभे होते. आपल्या कानाचा एवढा गर्व असलेला माणूस ओटीवर गेला आणि मांडलेली भांडी एकेक करून आत आणून ठेवू लागला.

आई गेल्यावर माझ्या डोक्याला नवा ताप. हे रोज त्या तपेल्याला कधी मेण लावत, कधी काठाला तार गुंडाळत, आणि मला हाक मारून विचारत, आधी असंच वाजायचं का?

मी चिडून काहीतरी ठोकून द्यायची. खरं सांगायची लाज वाटे. दहा वर्षं त्यात भात शिजवला, आईचं नाव चिंचेनं घासून लखलखीत ठेवलं, पण त्याचा आवाज मी कधी ऐकलाच नव्हता.